लायबेरियाच्या राजदूतांना सिंधुदुर्गातून खुले पत्र

मा. राजदूत आणि सहकारी,
लायबेरियाचे प्रतिनिधी मंडळ,
संयुक्त राष्ट्रे, न्यूयॉर्क यांस

स. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी सावंतवाडी तालुक्यातली, केंद्रीय राखीव पोलीस दलातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झालेली बाई. २०१५ साली मी पश्चिम आफ्रिकेतल्या तुमच्या देशाच्या राजधानीत, मोनरोव्हियात ड्युटीला होते. भारताने तुमच्याकडे महिला पोलिसांच्या तुकड्या एकामागून एक पाठवल्या, त्यातल्या शेवटच्या तुकडीत. आम्ही परत आलो त्याला या फेब्रुवारीत दहा वर्षं झाली. आणि यंदाच्या, म्हणजे २०२६ च्या, १ जानेवारीपासून तुमचा देश सुरक्षा परिषदेत बसायला लागलाय. मोबाइलवर तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, एकाच चांदणीचा झेंडा दिसला तेव्हा मी भाचीला हाक मारून दाखवला. तिला तो अमेरिकेचा वाटला. सगळ्यांनाच वाटतो.

पत्र मराठीत आहे, कारण मला भांडायला आणि विनवायला हीच भाषा येते. शिवाय ते एकट्या तुमच्यासाठी नाहीच. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून जाणारी माणसं आमच्या गावागावांतून जातात. आमच्या वाडीतले दोघे लेबनॉनला जाऊन आलेत, एकीचा मुलगा काँगोत होता. घरच्यांना मोहीम कळते ती वाढीव पगारावरून आणि व्हिडिओ कॉलवरून. ती का सुरू झाली हे थोडंफार माहीत असतं. का संपली, हे कुणी सांगत नाही.

तर मुद्दा. तुम्ही दोन वर्षं त्या परिषदेत आहात. या दोन वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या मोहिमा आटोपत्या घेण्याचे ठराव तुमच्यासमोर येणार. लेबनॉनमधली, १९७८ पासून चालत आलेली मोहीम यंदाच्या ३१ डिसेंबरला थांबवायचं आधीच ठरलंय. काँगोचं घोंगडं भिजत पडलंय. त्यात पैशाची चणचण. गेल्या ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांनी सांगूनच टाकलं की शांतिसेनेतली साधारण पाव माणसं घरी पाठवावी लागतील. अशा वेळी त्या टेबलाभोवती एक देश असा आहे, ज्याच्या अंगणात शांतिसेना आली, पंधरा वर्षांनी गेली, आणि ती गेल्यावरही घर उभं राहिलं. तो देश नुसता हात वर करून मत देणार की काही बोलणार, एवढंच मला विचारायचंय.

तुम्ही या संस्थेत नवखे नाही. १९४५ च्या सनदेवर सही करणाऱ्या आफ्रिकेतल्या चार देशांपैकी तुम्ही एक. महासभेच्या अध्यक्षपदी बसलेली दुसरी बाई तुमची, १९६९ सालची अँजी ब्रुक्स. (पहिली आमची, विजयालक्ष्मी पंडित. सिंधुदुर्गातल्या बांबुळीच्या पंडितांची सून, त्यामुळे आमच्याकडे अभिमान जरा जास्तच.) तरीही मध्ये कित्येक वर्षं त्या सभागृहात तुमचं नाव निघायचं ते 'लायबेरियातील परिस्थिती' या विषयाखाली. तुमच्याबद्दल दुसरेच बोलायचे. आता माइक तुमच्यासमोर आहे.

तुमच्या देशात संयुक्त राष्ट्रांची मोहीम दोनदा संपली. भाषणांत २०१८ ची येते. १९९७ ची कुणी काढत नाही, आणि मला वाटतं तीच आधी काढायला हवी.

जुलै १९९७ मध्ये निवडणूक झाली. १९८९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी निंबा प्रांतातून ज्याने युद्ध पेटवलं, तो चार्ल्स टेलरच पंचाहत्तर टक्के मतं घेऊन निवडून आला. 'त्याने माझी आई मारली, माझा बाप मारला, तरी मत त्यालाच' अशी घोषणा देत पोरं प्रचारात फिरत होती. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटला. गस्तीवर माझ्यासोबत असणाऱ्या तुमच्या एका पोलीस बाईने मला त्यातलं गणित समजावलं. हरला असता तर तो परत जंगलात गेला असता; खुर्ची दिली तर निदान बंदुका थांबतील. असं ते भ्यालेल्या माणसांचं मत. पण कागदावर सगळं जागच्या जागी होतं. मतदान शांततेत, मोजणी पूर्ण, विजेता जाहीर, शपथविधी झाला. ३० सप्टेंबरला निरीक्षक मोहीम गुंडाळली. मागे एक छोटं कार्यालय ठेवलं. फौज टेलरच्या मुठीत, पोलीस टेलरच्या मुठीत, आणि हत्यारं जिथल्या तिथे. १९९९ मध्ये लोफा प्रांताच्या बाजूने पुन्हा गोळीबार सुरू झाला आणि २००३ च्या पावसाळ्यात मोनरोव्हियाच्या पुलांवर तोफगोळे पडत होते. दोन्ही युद्धं मिळून दोन ते अडीच लाख माणसं गेली असा अंदाज सांगतात.

म्हणजे 'यशस्वी निवडणूक झाली, आता निघूया' हे वाक्य तुमच्या देशात एकदा उच्चारून झालंय. त्याची किंमत किती, हे तुमच्याइतकं त्या परिषदेत कुणाला ठाऊक नसेल.

दुसऱ्या खेपेची सुरुवातच वेगळी होती. पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात उन्हापावसात बसलेल्या बायका, त्यांची पुढारी लेमा बोवी, मग घानाच्या राजधानीत, आक्रात, वाटाघाटींच्या दालनाचं दार अडवून बसणं. ११ ऑगस्ट २००३ ला टेलरने देश सोडला, १८ ला करार झाला, १९ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने पंधरा हजार सैनिकांची मोहीम मंजूर केली. लोक तिला 'अनमिल' म्हणायचे आणि मी तिथे असताना तो शब्द पाणी, तांदूळ यांच्यासारखाच रोजच्या बोलण्यातला झाला होता. निःशस्त्रीकरण डिसेंबरात सुरू केलं ते पहिल्याच फटक्यात फसलं. ज्यांना पैसे हवे होते त्यांची एवढी गर्दी आली की गोळीबार झाला, आणि एप्रिलपर्यंत ते थांबवावं लागलं. शेवटी एक लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. बंदुका जमा झाल्या सुमारे अठ्ठावीस हजार. बाकीचे बंदूक नसलेले योद्धे कुठून आले, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला आणि हसण्यावारी नेला गेला.

जुनी फौज बरखास्त करून नवी, लहानशी, जेमतेम दोन हजारांची उभी केली. पोलीस दल नव्याने निवडलं. २००५ ला निवडणूक झाली, एलन जॉन्सन सरलीफ जिंकल्या, आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. आणि या वेळी अनमिल निघाली नाही. यातच सगळं आलं, असं मला वाटतं. १९९७ ला जिथे पुस्तक मिटलं, तिथे २००५ ला पहिला धडा संपला असं मानलं. त्यानंतर अजून बारा वर्षं.

त्या बारा वर्षांतलं एक वर्ष माझं. मी पोहोचले तेव्हा इबोला ओसरत होता. तुमची ४,८०० हून जास्त माणसं तो घेऊन गेला होता. प्रत्येक दुकानाच्या, ऑफिसच्या, चर्चच्या दारात तोटी बसवलेली प्लास्टिकची बादली, आत क्लोरीनचं पाणी. हात धुवायचे, कपाळावर तापाची ती बंदूक, मग आत. हस्तांदोलन बंद, कोपराला कोपर. हातांना इतका क्लोरीनचा वास बसला होता की जेवताना भातालाही तोच यायचा. पाऊस आंबोलीची आठवण करून देणारा, माती आमच्यासारखीच तांबडी. फक्त रात्र वेगळी. माउंट कॉफीचं जलविद्युत केंद्र १९९० मध्ये मोडलं, ते मी परत येईस्तोवर बंदच होतं. रात्री शहर म्हणजे ज्याचं जनरेटर त्याचा उजेड, मध्ये मैलभर काळोख.

त्या काळोखात आमची गस्त असायची. आमच्या हातात रायफली. सोबत तुमच्या पोलिसांतली ती बाई, तिच्या हातात काठी आणि टॉर्च. तुमच्या साध्या पोलिसांना हत्यार नसायचं. पण वस्तीत शिरलं की पुढे ती आणि मागे आम्ही. लोक बोलायचे तिच्याशी. आम्हाला 'इंडियन विमेन' म्हणून हात दाखवायचे, पोरं सलाम ठोकायची, आणि तक्रार तिच्या कानात सांगायचे. पहिला महिनाभर मला याचा राग यायचा. एवढ्या लांबून आलो, आणि आमच्याकडे कुणी बघत नाही! नंतर कळलं की आम्ही बरोबर चाललोय.

एका ठाण्यातली गोष्ट सांगते. रात्री नऊच्या सुमारास एक बाई तक्रार घेऊन आली, शेजाऱ्याने मारलं म्हणून. ठाण्याच्या आवारात गाडी उभी होती, टाकीत डिझेल नव्हतं. तिला सांगण्यात आलं की भाड्याचे पैसे दे, मग येतो. तिने पदरच्या गाठीतून पैसे काढले (तुमच्याकडे लापाच्या, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाच्या, कनवटीला गाठ मारतात, अगदी आमच्या आजीसारखी) आणि तो पोलीस तिच्याबरोबर केकेत बसून निघाला. केके म्हणजे आपल्याकडून गेलेली तीनचाकी रिक्षा. आम्ही गाडीत बसून हसलो. बॅरेकवर परत आल्यावर माझ्या डोक्यात आलं, निघाला तरी! बाई ठाण्यात आली, तक्रार दिली, पोलीस तिच्यासोबत गेला. बारा वर्षांपूर्वी त्याच वस्तीत गणवेश दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. हा देश मोहीम संपवायला तयार आहे का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी ते ठाणं दाखवलं असतं. तयार होता. कुणीतरी डिझेलची सोय करायला हवी होती.

मला कुणी विचारलं नाही, हेड कॉन्स्टेबलला कोण विचारतं. पण ज्यांनी ठरवलं, त्यांनी ते बरं ठरवलं, हे कबूल करायला हवं. इबोला आला तेव्हा माणसं कमी करणं थांबवलं. ३० जून २०१६ ला देशाच्या सुरक्षेची सगळी जबाबदारी तुमच्या सरकारकडे दिली, पण सामान बांधून विमानतळ गाठला नाही. टप्प्याटप्प्याने कमी करत २०१७ मध्येही साडेचारशेच्या आत सैनिक आणि तीनेकशे पोलीस मागे ठेवले होते. ते पुढे येऊन काही करणार नव्हते. वडीलधारं माणूस पडवीत नुसतं बसून असतं, तसे.

मग आलं २०१७. सरलीफबाईंच्या दोन मुदती संपल्या. ऑक्टोबरात पहिली फेरी झाली, आणि एका पक्षाने गैरप्रकारांची तक्रार केली. तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसरी फेरी थांबवली. मी इथे टीव्हीवर काही दिसतंय का बघत होते. मनात म्हटलं, झालं. याच मुद्द्यावर किती देश पेटलेत. पण पाचेक आठवडे सगळा देश कोर्टाच्या निकालाची वाट बघत बसला. निकाल आला, २६ डिसेंबरला मतदान झालं, जॉर्ज विया जिंकले, १९९५ साली जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला माणूस. २२ जानेवारी २०१८ ला शपथ घेतली. १९४४ नंतर पहिल्यांदाच एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्या निवडून आलेल्या अध्यक्षाच्या हाती शांततेत कारभार दिला. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३० मार्चला अनमिल बंद झाली. तोवर तिच्यातली २०२ माणसं तुमच्या मातीत किंवा तुमच्यासाठी गेली होती, बरीचशी आजारांनी आणि अपघातांत.

खरी परीक्षा मात्र नंतरची, पडवीतही कुणी नसतानाची. नोव्हेंबर २०२३. विया सत्तेवर, समोर जोसेफ बोआकाई, फरक वीसेक हजार मतांचा. सत्तेवरचा माणूस, अटीतटीची मोजणी, शहरात एकही निळी टोपी नाही. आणि १७ तारखेच्या रात्री, पूर्ण निकाल लागायच्या आधीच, विया यांनी रेडिओवरून हार मान्य केली. त्या रात्री माझ्या जुन्या जोडीदारणीचा मेसेज आला. ती आता वरच्या हुद्द्यावर आहे. तीन शब्द: 'स्ट्रीट क्वाएट. गोइंग होम.' चार झाले, पण तुमच्या इंग्रजीत ते तीनच वाटतात.

आता तुम्ही म्हणाल, आमची आरती ओवाळायला पत्र लिहिलंस काय? नाही. ओवाळण्यासारखं बरंच आहे, तसंच बोलण्यासारखंही.

पहिलं म्हणजे पैसा. मोहिमेच्या सुरुवातीच्या वर्षांत तिच्यावर वर्षाला सत्तर कोटी डॉलरच्या आसपास खर्च व्हायचा, तेव्हा तुमच्या सरकारचा स्वतःचा अर्थसंकल्प दहा कोटींच्याही आत होता. मोहीम गेली तेव्हा फक्त सैनिक गेले नाहीत. रस्ते बुजवणारे इंजिनिअर गेले, आतल्या प्रांतात माणसं आणि मतपेट्या पोहोचवणारी हेलिकॉप्टरं गेली, भाड्याने दिलेली घरं रिकामी झाली, ड्रायव्हर, दुभाषे, स्वयंपाकी बेकार झाले. रेडिओ केंद्र तेवढं वाचलं, ते पश्चिम आफ्रिकेच्या राष्ट्रसंघटनेने, इकोवासने, चालवायला घेतलं. ही रचनाच उलटी आहे. शांतिसेनेचा पैसा म्हणजे घरपट्टी, प्रत्येक देशाच्या नावावर लागते, कोणी थकवली तरी हिशेबात राहते. आणि शांतिसेना गेल्यावर पोलिसांच्या डिझेलला, कोर्टाच्या छपराला, बंदूक खाली ठेवलेल्या पोरांच्या कामधंद्याला जो पैसा लागतो तो म्हणजे सार्वजनिक गणपतीची वर्गणी. दारात येतात, ज्याची जशी मर्जी. जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथे पावतीपुस्तक घेऊन फिरायचं.

ती पोरं अजून मोनरोव्हियाच्या रस्त्यावर आहेत. तुम्ही त्यांना 'झोगो' म्हणता. त्यातले काही युद्धात लढलेले, आता बरेचसे युद्धानंतर जन्मलेले, नशेच्या आहारी गेलेले. बोआकाई यांनी सत्तेवर आल्याआल्या अमली पदार्थांबाबत आरोग्य आणीबाणी जाहीर केली, ते यामुळेच. आणि युद्धातले गुन्हे? सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये कोर्ट नेमायला सांगितलं होतं. त्यासाठी नुसतं कार्यालय काढण्याच्या आदेशावर सही व्हायला मे २०२४ उजाडला. टेलर पन्नास वर्षांची शिक्षा भोगतोय, पण ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. तुमच्या माणसांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्या संसदेची इमारत जळाली, सभापतीच्या भांडणात. भांडण शेवटी कोर्टातच गेलं, पण जळलेली भिंत सगळ्यांनी पाहिली.

दुसरं, जास्त काळ राहण्यातही पाप आहे. आमच्यासारख्यांनी ते बोलायला हवं. मोहिमेतल्याच माणसांनी पैशाच्या, खाण्याच्या बदल्यात गरीब मुलींचा फायदा घेतल्याच्या तक्रारी तुमच्या देशात थोड्याथोडक्या नव्हत्या. आम्हा बायकांची तुकडी पाठवण्यामागे तेही एक कारण होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं. २००७ साली पहिली तुकडी उतरली तेव्हा तुमच्या सुरक्षा दलांत बायका सहा टक्के होत्या, आम्ही निघालो तेव्हा सतरा. त्याचं श्रेय आम्हाला देतात. थोडं घेते. बाकीचं त्या काठी-टॉर्चवाल्या बाईचं आहे, तिला वाढीव पगार नव्हता.

म्हणून मी 'शक्य तितकं थांबा' असं म्हणायला लिहीत नाही. काँगोत २०२२ मध्ये लोक शांतिसेनेच्याच तळांवर चालून गेले. तिथे मोहीम पंचवीसहून जास्त वर्षं आहे आणि गेल्या वर्षीच्या जानेवारीत गोमा शहर तिच्या डोळ्यांदेखत बंडखोरांच्या हाती पडलं. काँगोही यंदा तुमच्याबरोबरच परिषदेत आलाय. त्यांच्याशी चहाच्या वेळी बोला. त्यांना हात देण्यासारखं तुमच्याकडे काय आहे, हे ठरावाच्या मसुद्यात नसतं.

सुदानमधल्या दार्फूरचं मात्र सभागृहातच काढा. २०१९ मध्ये हुकूमशहा बशीर गेला, सुदानमध्ये लोकशाहीकडे जाणारं सरकार आलं, त्या सरकारने म्हटलं आता आमचं आम्ही बघतो. सगळ्यांना बरंच वाटलं, पैसेही वाचत होते. ३१ डिसेंबर २०२० ला मोहीम बंद. पंधरवड्यात अल जिनिना शहरात शंभराहून जास्त माणसं मारली गेली. पुढच्या ऑक्टोबरात लष्कराने सत्ता घेतली, एप्रिल २०२३ मध्ये युद्ध, आणि गेल्या ऑक्टोबरात अल फाशेर शहरात झालेली कत्तल आपण सगळ्यांनी पाहिली. तिथे तर निवडणूकसुद्धा झाली नव्हती. लोकशाहीची नुसती चाहूल लागली, तीच पोहोचपावती समजून सह्या झाल्या.

पूर्व तिमोरने हाच मार एकदा खाल्ला. २००५ ला शांतिसेना गेली, २००६ मध्ये राजधानी दिलीमध्ये फौज आणि पोलीस एकमेकांवर गोळ्या झाडत होते, दीड लाख माणसं घराबाहेर. मोहीम परत आणावी लागली. दुसऱ्यांदा ती २०१२ ची निवडणूक आणि नवं सरकार बघून, ३१ डिसेंबरला गेली ती गेलीच. गेल्या वर्षी तो देश आसियानचा सदस्य झाला.

तुम्ही आणि तिमोर, दोघांचंही पहिलं बंद करणं फसलं आणि दुसरं जमलं. दोन्हीकडे दुसऱ्या वेळी एकच गोष्ट जास्त केली: पहिल्या निवडणुकीवर विश्वास ठेवला नाही. पहिली निवडणूक बहुतेकदा शांतिसेनेच्या सावलीत होते, तिच्यात जिंकणं सोपं असतं. हरलेला माणूस घरी जातो का, आणि गेल्यावर त्याचं घर, त्याची माणसं शाबूत राहतात का, हे कळायला दुसरी, तिसरी लागते. परिषदेत मोहिमा संपवण्याचे निकष म्हणून लांबलचक याद्या असतात असं ऐकते. त्यात हे एक वाक्य तुमच्या नावाने घाला. आणि दुसरं असं की मोहीम बंद करण्याच्या ठरावातच, त्याच कागदावर, पुढच्या पाच वर्षांचा पैसा बांधून द्यावा, घरपट्टीसारखा. सैनिक काढून घेतल्यावर जे वाचतं त्याचा दहावा हिस्सा जरी ठेवला तरी कितीतरी ठाण्यांच्या गाड्या चालतील. बडे देश कुरकुरतील. तुमच्याकडे बघून त्यांना 'हे चालत नाही' असं म्हणता येणार नाही, एवढाच तुमचा जोर. तो वापरा.

आमच्या निरोपाच्या दिवशीचं सांगून थांबते. आमच्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ मानतात. 'येते' म्हणतात. तुमच्याकडेही माणूस उठून जाताना 'आय कमिंग' म्हणतो, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं आणि फार बरं वाटलं होतं. तर गाडीत बसताना मी माझ्या जोडीदारणीला सवयीने म्हटलं, 'आय कमिंग'. तिने माझा हात धरला, इबोलानंतर पहिल्यांदाच कुणी तिथे माझा हात धरला असेल, आणि म्हणाली, नाही, तू येणार नाहीस. आलीस तर लापा नेसून ये, हे निळं डोक्यावर घालून नको.

अजून जाणं झालेलं नाही. पासपोर्ट काढून ठेवलाय.

कळावे,

आपली,
एक निवृत्त हेड कॉन्स्टेबल,
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग

ता. क. हे तुमच्यापेक्षा आमच्या दिल्लीवाल्यांसाठी. मोनरोव्हियाच्या बाजारात तांदळाच्या गोण्यांवर भारतातली नावं असायची. उकडा तांदूळ, आमच्या पेजेचाच. तुमच्या देशात १९७९ च्या एप्रिलमध्ये तांदळाचा भाव वाढवायचं निघालं आणि दंगल होऊन माणसं मेली. वर्षभरात सत्ता उलटली आणि पुढचं सगळं रामायण तिथून. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, ऑगस्टमध्ये उकड्यावर २० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरात तुमची निवडणूक होती. शांतिसेना पाठवणाऱ्या देशाने असा निर्णय घेताना जगाच्या नकाशावर एक नजर टाकायला हरकत नव्हती.